तुम्ही ‘नको’ म्हणालात, तिनं ते खरं मानलं

ताई, नमस्कार. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या परभणीच्या. वर्षातून एकदा घरच्यांना घरी ठेवून दोन दिवस कुठंतरी जातो. यंदा माळेगावच्या यात्रेला गेलो. गंगाखेड, पालम, लोहा करत पोचलो, खंडोबाचं दर्शन घेतलं, जनावरांचा बाजार बघितला. भांड्यांच्या दुकानांमागं एक जण गोणपाटावर जुनंपान मांडून बसला होता. कुलपं, अडकित्ते, घुंगरमाळा, नाणी. त्यात धान्य मोजायच्या पितळी मापांचा सेट होता : शेर, मापटं, चिपटं, कोळवं, निळवं. पाचही. त्यानं साडेचार हजार सांगितले, मी तीन म्हणाले, तो चारवर अडून बसला. “नको बाई, कशाला हे ओझं,” म्हणून मी उठले. मागून हाक मारील असं वाटलं. मारली नाही. तासाभरानं परत गेले तर मापं गेलेली. संध्याकाळी गाडीत बसल्यावर ती माझ्याच मैत्रिणीच्या पिशवीतून निघाली. अडतीसशेला घेतली म्हणे. मी बोलले तर म्हणाली, “तूच म्हनलीस की नको म्हणून.” दोन महिने झाले, आम्ही बोलत नाही. आता तिनं ती मापं मोबाईलवर विकायला टाकलीत, “निजामकालीन, ३०० वर्षं जुनी”, किंमत चाळीस हजार. दुसरीनं तिथंच चांदीचं नाणं घेतलं, दुकानदारानं साल वाचून दाखवलं १३३७, म्हणजे सातशे वर्षांचं. तिला आता कुणाकुणाचे फोन यायलेत. मी मापं मागावीत का? पुढच्या वर्षी यांच्याबरोबर जावं का? (माझे आजोबा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. तिच्या आजोबांची अडत होती. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.) गाडी चौथीची होती. डिझेलचे माझ्या वाटणीचे ७४० रुपये रागारागात मी अजून दिलेले नाहीत.
एक शिक्षिका, परभणी

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या मैत्रिणीचा राग आला. दुसऱ्यांदा कंसातल्या ओळींपाशी थांबले. त्याकडं मी येतेच, पण आधी त्या दुपारचं बोलू.

जुन्या बाजारात भाव करायची आपली एक ठरलेली रीत आहे. हवी असलेल्या वस्तूकडं बघायचं नाही. शेजारच्या गंजक्या कुलपाचा भाव विचारायचा, अडकित्ता दोनदा उघडून मिटून बघायचा, मग सहज नजर गेल्यासारखं “आणि हे हो?” म्हणायचं. भाव ऐकून हसायचं. उठायचं. पाठ फिरवून दहा पावलं चालायची आणि कान मागं ठेवायचे. हे सगळं नाटक दुकानदारासाठी असतं. पण ते बघायला मैत्रीणही तिथंच उभी असते, आणि हे नाटक आहे असं तिला कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही चांगलं वठवलंत. इतकं चांगलं की दुकानदार फसला नाही आणि मैत्रीण फसली.

मला यातलं कळतं, कारण मी स्वतः एक समई अशीच घालवली आहे. आठवडी बाजारात जाऊबाई सोबत होत्या. मी नाक मुरडून उठले, त्यांनी मागं राहून ती घेतली आणि घरी आल्यावर वर मलाच दाखवली, “बघा, तुम्हाला आवडली नव्हती, मला बाई फार आवडली.” त्यांच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. आज बावीस वर्षं ती समई त्यांच्या देवघरात जळते आहे आणि दर गौरींना मी तिच्यात तेल घालते.

तेव्हा “तूच म्हनलीस की नको म्हणून” हे तिचं उत्तर बहाणा नाही. ते खरं आहे. तिची चूक वेगळीच आहे. तिनं एकदा विचारायला हवं होतं, “तू खरंच सोडलंस का?” बरोबर आलेल्या मैत्रिणीनं हात लावून ठेवलेली वस्तू घेताना एवढं विचारणं ही बाजाराची रीतच आहे, आणि तुमच्याइतक्या बाजार फिरलेल्या बाईला ती माहीत नसेल असं मला वाटत नाही. विचारलं असतं तर तुम्ही “थांब, मी घेते” म्हणाला असतात, हेही तिला बहुधा कळलं असावं. म्हणून तर ती पिशवी गाडीत बसेपर्यंत उघडली नाही. घोड्यांच्या बाजारात तुम्ही दोघी तासभर शेजारी शेजारी फिरलात आणि तिच्या हातातलं ओझं तुम्हाला दिसलं नाही, हेही गमतीचंच.

आता कंसातलं. तुमचे आजोबा मोंढ्यात मापाडी होते आणि तिच्या आजोबांची अडत. म्हणजे कदाचित त्याच अडतीवर, कदाचित शेजारच्या, पण ढिगाशी उकिडवं बसून माप भरणारा माणूस तुमच्या घरचा आणि गादीवर बसून वहीत आकडा लिहिणारा तिच्या घरचा. आणि तीच मापं आता तिच्या घरी. दोन महिने बोलणं बंद राहावं एवढा राग अडतीसशे रुपयांच्या पितळेचा नसतो, तो इथला आहे. पण ताई, हे तिला कळणार कसं? दुकानदाराला तुम्ही “हवंय” म्हणाला नाहीत, ते ठीक. तिला मात्र तुम्ही चाळीस-एक वर्षांच्या मैत्रीत आजोबांचं कामसुद्धा सांगितलेलं नाही. का, ते मी विचारत नाही. आपल्याकडं शिकून मास्तर झालेली नात मोंढ्याचं नाव काढताना जरा आवाज खाली आणते, हे मी पुष्कळ पाहिलंय.

खरं तर मापाड्याचं काम खाली आवाजात सांगण्यासारखं नाही. शेतकरी आणि अडत्या या दोघांचाही विश्वास ज्याच्या हातावर बसला पाहिजे असा माणूस तो. माझ्या लहानपणी आमच्या अंगणात धान्य मोजायला येणारे म्हातारे मला आठवतात. पहिलं माप टाकताना ते “एक” म्हणत नसत, “लाभ” म्हणत. लाभ, मग दोन, मग तीन. सूर लावून, न थांबता, म्हणजे मोजणी चुकत नाही आणि मध्ये कुणी बोलून चुकवूही शकत नाही. माप भरायचं कसं, हेही ठरलेलं असे. सपाट भरायचं तर काठावरून तळहात किंवा काठी फिरवायची. शिगेचं भरायचं तर काठावर धान्याचा शंकू उभा राहीपर्यंत ओतायचं. आपण आनंद शिगेला पोचला म्हणतो ती शीग हीच. सपाट की शिगेचं यावर पोत्यामागं किती धान्य इकडचं तिकडं होईल याचा हिशेब करून बघा, मग त्या हाताची किंमत कळेल.

म्हणून माझा सल्ला असा. मापं मागू नका. आधी तिच्या घरी जा, दोन-अडीच किलो ज्वारी घेऊन.

हसू नका, कारण सांगते. ही मापं एकमेकांच्या दुपटीत असतात. दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. पुढं चार शेरांची पायली. पायली गावोगाव थोडी कमी-जास्त असायची, त्यामुळं एका गावचं चिपटं आणि दुसऱ्या गावचं मापटं एकत्र आलं की ज्वारी लगेच सांगते. कोरडी, चाळलेली ज्वारी घ्या. प्रत्येक माप एकाच काठीनं सपाट करा, हातानं दाबू नका. निळवं दोनदा भरून कोळव्यात ओता. काठाशी जुळलं तर पुढं जा. सोळा निळव्यांत शेर भरला तर तो सेट जन्मापासून एकत्र आहे असं समजा. मध्येच कुठं मूठभर उरलं किंवा कमी पडलं तर दुकानदारानं चार ठिकाणची मापं गोळा करून पाचाचा सेट जमवलाय. पोचा पडलेलं माप थोडं कमी भरेल, तेवढी सूट द्या.

भरताना काठ बघा. वर्षानुवर्षं तळहात आणि काठी फिरलेला काठ आतल्या बाजूनं गुळगुळीत आणि जरा पातळ झालेला असतो. बुडही घासलेलं असतं, कारण माप दिवसभर फरशीवर आपटत असे. झीज हात जिथं लागतो तिथं असली पाहिजे. सगळीकडून सारखंच काळं-हिरवं, खाचाखोचांतही आणि काठावरही, असं असलं तर ते वयाचं नसून कुणीतरी ॲसिड लावून आणलेलं असतं. आणि पिशवीत एक छोटं चुंबक ठेवा. पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

हे सगळं तुम्ही दोघींनी ओट्यावर बसून करायचं. आणि करता करता सांगायचं, “माझे आजोबा मोंढ्यात हेच करायचे गं.” एवढंच. पुढं तिला काय बोलायचं ते ती बोलेल. मग म्हणायचं, “मला ही हवी होती. मी तिथं दुकानदारासमोर नाटक केलं. तुला विकायचीच असतील तर तू दिलेत तेवढे अडतीसशे घे, मला दे.” चाळीस हजारांवर घासाघीस करू नका, तो आकडा तुमच्यासाठी नाहीच. ती नाही म्हणाली तर ज्वारी तिथंच राहू द्या, चहा घ्या आणि उठा. परत तो विषय काढायचा नाही. परभणीतल्या मोड घेणाऱ्या दोन-तीन दुकानदारांना सांगून ठेवा. स्टीलच्या बदल्यात मोडीत आलेली मापं त्यांच्याकडं येतात, आणि वितळायला जाण्याआधी ते फोन करतात. सुटं चिपटं लवकर मिळतं. पाचाचा सेट जमायला वर्ष-दोन वर्षं लागतील, पण तो तुमचा असेल.

आता तिच्या जाहिरातीचं. “निजामकालीन” चालेल, कारण मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. आपल्या आजीची परातसुद्धा निजामकालीन असते. “३०० वर्षं” मात्र तिनं काढून टाकावं. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ सालचा. त्यानंतर काही वर्षांतच शेर-पायली बाजारातून हटली. तोवर ही मापं रोज वापरात होती, फुटत होती, नवी बनत होती. तीनशे वर्षं वापरलेलं चिपटं इतकं धडधाकट राहत नाही. साठ-सत्तर वर्षांपासून शंभरच्या आसपास, यातलं कुठलंही वय असू शकतं.

आणि समजा खरंच तीनशे वर्षांची असली, तर तिची अडचण वाढते. पुरातन वस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा आहे, १९७६ पासून लागू. त्यात शंभर वर्षांपुढची वस्तू पुरातन वस्तू ठरते, हस्तलिखितं असतील तर पंचाहत्तर वर्षांपुढची. अशा वस्तूंचा विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि देशाबाहेर तर त्या पाठवताच येत नाहीत. म्हणजे जाहिरात खरी असेल तर कायद्याचा प्रश्न आणि खोटी असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक. घरात ठेवायला, वापरायला, नातीला द्यायला कुणाची हरकत नाही. हे तिला तुम्ही सांगू नका, भांडण वाढेल. हा अंक तिच्यापर्यंत पोचला तर पोचला.

नाण्यावाल्या मैत्रिणीला मात्र लगेच सांगा, कारण तिथं पैसे जाणार आहेत. दुकानदार खोटं बोलला नाही, १३३७ च लिहिलंय. पण ते हिजरी साल आहे. १३३७ हिजरी म्हणजे १९१८-१९. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याचा रुपया, ज्याला आपल्याकडचे म्हातारे हाली रुपया म्हणत आणि इंग्रजाच्या रुपयाला कलदार. नाण्याच्या मधोमध चारमिनार असेल. तिच्या कमानीत नीट बघा, एक अक्षर दिसेल, ऐन. उस्मानच्या नावातलं पहिलं अक्षर. त्याच्या बापाच्या, महबूब अली खानच्या नाण्यावर तिथं मीम असतं. आकडे उर्दूत आहेत, सात इंग्रजी व्हीसारखा दिसतो. परभणीत उर्दू वाचणारं माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही, गल्लीतल्या कुणालाही दाखवा. नाणं चांगलं आहे, चांदीचं आहे, साधारण अकरा ग्रॅम भरेल. सोनाराकडं वजन करून घ्यावं, घासू नये, चिंचेनं तर मुळीच धुऊ नये. शंभर वर्षांपेक्षा जुनं म्हणून फक्त जपून ठेवावं, सातशे वर्षांचा इतिहास त्याच्यावर लादू नये.

आणि जे फोन येतायत, “तुमचं नाणं लाखाला घेतो, फक्त नोंदणीचे अडीच हजार आधी भरा,” ते बंद करायला सांगा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावावर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून शुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सावध केलं होतं. बँक असा व्यवहार करत नाही आणि कमिशन मागत नाही. याच जातीतलं दुसरं सोंग म्हणजे ‘तांदूळ स्वतःकडं ओढून घेतं’ असं सांगून गळ्यात मारलं जाणारं तांब्याचं भांडं. यात्रेत कुणी कानाशी येऊन असलं काही पुटपुटलं तर सरळ गर्दीकडं चालू लागायचं.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण जुनंपान घेणाऱ्या बाईला माहीत असलेली बरी. आपल्याकडं तेर आणि पैठणच्या आसपास पावसाळ्यानंतर शेतात मणी, मातीच्या मूर्तींचे तुकडे, सातवाहनांची नाणी सापडतात. ती कुणी “शेतात गावली” म्हणून विकायला आणली तर घेऊ नका. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा १८७८ चा आहे आणि दहा रुपयांवर किंमत असलेली वस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्याला कळवायला लागतं. शिवाय अशा वस्तू बघायच्याच असतील तर तेरला सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर गोळा केलेल्या वस्तूंचं. पुढच्या सहलीला तिकडं जा, तिथं भाव करायचा प्रश्नच येत नाही. घरगुती वस्तूंसाठी डोळा तयार करायचा तर पुण्याचं केळकर संग्रहालय. तिथले अडकित्ते बघितले की यात्रेतला अडकित्ता हातात घेतानाच कळतं, हा ओतीव आहे, हा घडीव, हा काल केलेला.

पुढच्या वर्षी जायचं का? जा. माळेगावला अँटिकचा बाजार भरत नाही, तो घोड्यांचा, गाढवांचा, लाल कंधारी आणि देवणी जातीच्या गाईबैलांचा बाजार आहे. जुनंपान तिथं असंच कडेला, नशिबानं मिळतं, आणि म्हणूनच ते शोधायला चार जोड्या डोळे लागतात. फक्त गाडीतून उतरायच्या आधी प्रत्येकीनं मोठ्यांदा सांगायचं, आज माझा जीव कशावर आहे. “मापं माझी, कुलपं तुझी, नाणी तिची, मला काही नको मी लावणी बघायला आलेय.” मग दुकानदारासमोर खुशाल नाक मुरडा, तिघींना माहीत असेल. चौथी वस्तू निघाली तर उचलण्याआधी विचारायचं, सोडलंस का, आणि उत्तर येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. रोख पैसे घेऊन जा, शंभर-दोनशेच्या नोटांत. यात्रेच्या गर्दीत नेटवर्कचा भरवसा नाही आणि भाव तुटायच्या क्षणी फोन वर करून रेंज शोधणारी बाई कधी स्वस्तात काही घेत नाही. मुक्कामाला नांदेड गाठा. गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात आधी सांगून ठेवलं तर चौघींची सोय होते आणि सकाळी लंगरमधला चहा मिळतो.

राहिले ७४० रुपये. ते चौथीचे आहेत, आणि तिनं तुमचं काही वाकडं केलेलं नाही. उलट दोन भांडणाऱ्या बायांना मागं बसवून तिनं अंधारात पालमच्या रस्त्यानं गाडी घरी आणली. ज्वारी चाळायला घ्याल त्याच्या आधी तिला पैसे पाठवा. आजच.